मटण खाणाऱ्यालाच खोली

अमरावतीत नोकरी मिळाली तेव्हा नोकरीपेक्षा खोली मिळणं अवघड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती आणि मी घरातला पहिला सरकारी कारकून. अकोल्याजवळच्या आमच्या गावात माझा मान मोठा. अमरावतीत मात्र घरमालक आधी आडनाव विचारत. ते सांगितलं की त्यांना एकदम आठवे, खोली पुतण्यासाठी राखून ठेवलेली आहे. त्या वर्षी त्या शहरात पुतणे फार झाले होते. ज्यांना आडनावावरून नीट अंदाज येत नसे ते दुसरा प्रश्न टाकत, तुम्ही खाता का? काय खाता, ते बोलायची गरज नसे. मी खरं ते सांगायचो आणि पुढच्या गल्लीत जायचो.

असा आठवडा काढल्यावर एका कौलारू घराच्या ओसरीवर एक धिप्पाड गृहस्थ धोतर-बनियनवर बसून कांदे चिरताना दिसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मटन खाता काय?"

मी दमलो होतो, वैतागलोही होतो. एकदाचं नाही म्हणू दे आणि सुटू दे, अशा सुरात म्हणालो, "खातो."

"मंग बसा. न खानाऱ्याले आपुन खोली देत नाई."

आधी एका न खाणाऱ्याला त्यांनी खोली दिली होती म्हणे. तो दर रविवारी खिडकी लावून घ्यायचा आणि उदबत्ती पेटवायचा. तो उदबत्तीचा वास यांना सहन झाला नाही, म्हणून त्याला जावं लागलं. आडनाव मात्र त्यांनी मला विचारलंच नाही. पुढे कधीतरी ते त्यांना पोस्टमनकडून कळलं, आणि कळल्यावर त्यांनी त्याचं काहीही केलं नाही. त्या काळात हे काही न करणं किती मोठं होतं ते ज्याला खोली शोधावी लागली त्यालाच कळेल.

वडीलधाऱ्या माणसाला काकाजी म्हणायची वऱ्हाडात रीत आहे. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काकाजीच म्हणायचो. गावच्या जमिनींचे कागद सांभाळणारा तो पटवारी, आणि काकाजींनी आयुष्यभर पटवारकी केलेली. सायकलवरून खेडी हिंडायची आणि ज्या गावी मुक्काम त्या गावी कोंबडी कापून घ्यायची. आपण निवृत्त झालो तेव्हा तालुक्यातल्या कोंबड्यांनी नारळ फोडले असं ते स्वतःच सांगत. "पैसा खाल्ला नाई, कोंबड्या खाल्ल्या," हे त्यांचं आपल्या नोकरीबद्दलचं एवढंच निवेदन होतं. ते खरंच असावं, कारण घरात पैसा कुठे दिसत नव्हता.

जगातल्या सगळ्या गोष्टींचा उलगडा ते खाण्यावरून करत. कुस्ती हरलेला पहिलवान, शेवटच्या दिवशी माघार घेणारा उमेदवार, रडका नट, या सगळ्यांवर त्यांचा एकच निकाल असे, "वरनावर वाढला असंन." माझ्या ऑफिसातले बडे बाबू मला फार छळायचे. काकाजींकडे त्यावर उपाय तयार होता, त्याला एकदा रविवारी जेवायला आण. मी आणलं नाही. बडे बाबू कट्टर शाकाहारी होते आणि मला तिथेच पुढे नोकरी करायची होती. ताप आला की पायाचं सूप, अशक्तपणा आला की कलेजी. आमच्यातले एक भाडेकरू शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा काकाजींनी त्यांना आठवडाभर कलेजी खाऊ घातली. मास्तर सावरले. कलेजीमुळे सावरले की दुसरं स्थळ आल्यामुळे, यावर वाद घालून उपयोग नव्हता.

त्यांचा खरा दिवस रविवार. अंगणात कडुनिंबाखाली तीन दगडांची चूल होती आणि तिच्यावर चढणारी मोठी डेगची गोठ्यात राहायची. मटण आणायचं काम कायम कंपाउंडरसाहेबांचं. हे अचलपूरचे मुसलमान गृहस्थ एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होते. मटण तेच, हलालचं बघून, आणत, म्हणून त्यांनी खावं की नाही हा प्रश्नच कधी उठला नाही. मसाला काकाजी स्वतः पाट्यावर वाटत आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मग सगळ्या भाडेकरूंची एक पंगत बसायची. कुणी पैसा द्यायचा नाही. नळीचं हाड दर रविवारी एकाला, पाळीपाळीनं, आणि ज्याची पाळी असेल तो शनिवारपासूनच जरा ताठ चालायचा.

माझ्या पहिल्या रविवारी मी सवयीनं पंगतीच्या टोकाला, जरा जागा सोडून बसलो. लहानपणापासून कुठे बसायचं ते मला कुणी सांगावं लागत नव्हतं. काकाजी वाढत वाढत माझ्यापर्यंत आले, थांबले आणि म्हणाले, "मधात बस. कडेपर्यंत येता येता रस्सा थंडा होते." मी उठून मध्ये बसलो, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला कंपाउंडरसाहेब. डोळ्यांत पाणी आलं ते रस्सा तिखट होता म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. रस्सा तिखट होताच. पण ते पाणी तेवढ्यासाठी नव्हतं.

या पंगतीत नसायच्या त्या एकट्या काकू, म्हणजे काकाजींच्या पत्नी. अंगानं बारीक, बोलणं कमी, गळ्यात तुळशीची माळ, आणि महिन्यातून एकदा मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जाणं. मटण त्यांनी आयुष्यात चाखलं नव्हतं आणि नवऱ्याला कधी खाऊ नका म्हटलं नव्हतं. रविवारी त्या स्वयंपाकघरात बसून आमच्यासाठी भाकरी थापायच्या आणि टोपली उंबऱ्यापाशी ठेवून आत वळायच्या. डेगची राखेनं घासून गोठ्यात जाईपर्यंत त्या अंगणात पाय ठेवायच्या नाहीत. स्वतः केव्हा जेवायच्या ते आम्हाला कधी दिसलं नाही. पुढे माझं लग्न झालं, मास्तरांचंही झालं, तेव्हा आमच्या बायकांसाठी वाटी खोलीत जायची. मटणाची पंगत पुरुषांची, असंच सगळीकडे होतं. पण काकू पंगतीपासून इतक्या लांब का राहतात याचं माझं माझ्यापुरतं एक उत्तर होतं आणि ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

पाच-सहा वर्षं असे रविवार गेले. मग साठच्या दशकाच्या मध्यावर पावसानं लागोपाठ दगा दिला आणि ज्वारी, तूर सगळंच चढलं. मटणाचा भाव कंपाउंडरसाहेब बाजारातून आल्यावर काकाजींना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगू लागले. काकाजींची पेन्शन होती तिथेच होती आणि पंगत होती तेवढीच होती. यातून वाट काढायला डेगचीत बटाटे आले. आधी पाहुण्यासारखे एक-दोन, मग घरच्यासारखे. एका रविवारी तर माझ्या ताटात नुसते बटाटे आणि एक हाड आलं, आणि त्या हाडाला जे चिकटलं होतं त्याची मटण म्हणून नोंद करायला पटवारीच लागला असता. मास्तर भोळेपणानं म्हणाले की आज बटाटे फार छान शिजलेत. काकाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तर पुढे पूर्ण वेळ ताटात बघून जेवले.

आम्ही सगळ्यांनी ठरवून वर्गणीचा विषय काढला. बोलायचं कंपाउंडरसाहेबांनी. त्यांनी अतिशय अदबीनं, अर्धं हिंदीत आणि अर्धं वऱ्हाडीत सुरुवात केली, पण काकाजींनी त्यांना वाक्य संपवू दिलं नाही. पंगतीला तिकीट लावायचं असेल तर मग मी टुरिंग टॉकीजच खोलतो, म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं म्हणून दिवेलागणीला मी ओसरीवर जाऊन बसलो. ते म्हणाले, "माह्या बापाच्या घरी दसऱ्याले अर्धं गाव जेवे. आता थे वावर नाई, थे बैलं नाई. हे रविवारचे ताटं तेवढे उरले. थे बी गेले तं मी कोन? एक रिटायर पटवारी."

त्या दिवसापासून मला कळलं की हा माणूस मटणाला नाही, पंगतीला जपतो आहे. मटण फक्त त्याला माहीत असलेलं एकच निमंत्रण होतं.

त्यानंतरच्याच थंडीत एका रविवारी मसाला परतता परतता काकाजी खाली बसले. एवढा मोठा माणूस, हातात उलथनं, आणि चेहरा पांढराफटक. आम्ही त्यांना रिक्षात घालून कंपाउंडरसाहेबांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते आणि बोलायला रोखठोक. रक्तदाब फार वाढला आहे, म्हणाले. मटण बंद, तेल कमी, मीठ कमी. या खेपेला बसलात, पुढच्या खेपेला पडाल.

काकाजींनी पथ्य पाळलं, पण पटवाऱ्यासारखं पाळलं. डॉक्टर मटण म्हणाले, म्हणजे बकरा. कोंबडीचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून पुढच्या रविवारी कोंबडी. ते कळल्यावर डॉक्टरांनी कोंबडी बंद केली तेव्हा वर्धा नदीची मासळी आली. मासळी बंद झाल्यावर अंडी. अंड्यांनंतर त्यांनी असा मुद्दा काढला की आपण फोडी खात नाही, नुसती वरची तर्री भाकरीवर घेतो, आणि तर्री हे पाणी आहे. बिचारे कंपाउंडरसाहेब मालक आणि घरमालक यांच्यात सापडले. दवाखान्यात खोटं बोलता येईना आणि घरी खरं सांगता येईना. शेवटी डॉक्टर स्वतःच एक दिवस सायकलवरून आले, ओसरीवर बसून रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "काकाजी, बकरा मेला काय अन् कोंबडी मेली काय, आता पाळी तुमची येऊन राहिली."

डॉक्टर गेल्यावर काकाजी मला म्हणाले, "मराचं काई नाई बाप्पा. पन वरन-भात खाले इथं कोन येईन? वरन-भात तं सगळ्याईच्या घरी हाय."

पुढच्या रविवारी चूल पेटली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. आम्ही आपापल्या खोल्यांत जेवलो आणि कुणालाच ते जेवण गेलं नाही. मास्तर दारातून डोकावत, मी दिसलो की परत आत जात. काकाजी ओसरीवर अंगणाकडे पाठ करून बसायचे. मुगाची खिचडी समोर ठेवली की चार घास घेऊन ताट सरकवायचे. महिन्याभरात बनियन अंगावर सैल झालं. रक्तदाब म्हणे थोडा उतरला होता, पण माणूसही त्याच्याबरोबर उतरत चालला होता.

एके दुपारी काकू आमच्या खोलीच्या दारात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी बसायला सांगितलं तर उभ्याच राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मले भेव वाटे, हे खाऊन मरतीन. आता न खाऊन मरतीन असं वाटून राह्यलं. एखांद्या रविवारी थोडंसं होऊ दे म्हना ना डॉक्टरले." माळ घातलेली बाई नवऱ्यासाठी मटणाची रदबदली करत होती. डॉक्टर ऐकणार नाहीत, म्हणालो. मग त्यांनीच सुचवलं की अकोल्याला लेकीकडे चार दिवस नेऊन आणा, नातवंडांत मन रमेल. माझं गाव त्याच बाजूला, तेव्हा मीच बडनेऱ्याहून गाडीनं त्यांना घेऊन गेलो.

अकोल्यातल्या विहीणबाई तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ होत्या. लेकीनं पथ्याचं आधीच कळवलेलं. दुपारी पानं मांडली आणि विहीणबाईंनी पातोडीचा रस्सा वाढला. लसूण, तिखट घालून शिजवलेलं बेसन ताटाला थापायचं, त्याच्या वड्या कापायच्या आणि वर मटणासारखा काळा झणझणीत रस्सा ओतायचा. वऱ्हाडात हे घरोघरी होतं. काकाजींनी मात्र मटण न मिळालेल्या माणसाची समजूत म्हणून आजवर तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. व्याह्याच्या घरी नको म्हणता येत नाही. त्यांनी पंचनाम्याला बसल्यासारखा चेहरा केला आणि एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग भाकरी कुस्करून बाह्या मागे सारल्या. थोड्या वेळानं पाहतो तर त्यांचं बोट ताटात काहीतरी चाचपत होतं.

"काय शोधून राह्यले व्याहीबुवा?" विहीणबाई म्हणाल्या. "हाड नाई त्यात."

मी ठसका लागल्याचं निमित्त करून पाणी प्यायलो. काकाजींनी तिसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. चार दिवस राहायचं ठरलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी ते पिशवी भरून तयार झाले. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा खिडकीबाहेर बघत विचारलं, "बेसन काय भाव हाय रे सध्या?"

घरी आल्यावर त्यांनी कुणाला न सांगता चूल पेटवली. बेसन शिजवलं, थापलं, वड्या पाडल्या, रस्सा तर असा केला की गल्लीतली कुत्री येऊन बसली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण त्यांना आयुष्यभर एकच गोष्ट ठाऊक, डेगचीत टाकलं की तासभर रटरटू द्यायचं. त्यांनी वड्या टाकल्या आणि मटण मुरावं तशा तासभर मुरवल्या. झाकण काढलं तर आत वडी एकही नव्हती. तिखट पिठलं मात्र डेगचीभर होतं. कंपाउंडरसाहेब आणि मी मिळून तो पुरावा संपवला. मला दोन दिवस पोटाचा त्रास झाला, तो वेगळा.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते करताना मी त्यांना पाहिलं म्हणून सांगतो, नाही तर मला खरं वाटलं नसतं. ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. काकू आत सुपात तूरडाळ पाखडत होत्या. हे म्हणाले, पोरगी सांगत होती की तुझ्या हातची पातोडी फुटत नाही.

"तीस वर्षात आज दिसली माही पातोडी?" काकू म्हणाल्या.

काकाजींनी मान खाली घातली. तेव्हा काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि अटी सांगितल्या. पातोडी मी आत करीन, रस्सा तुम्ही बाहेर करा. मटणाची डेगची वापरायची नाही, नवी आणायची. रश्श्यात मीठ मी घालीन आणि तेलाचा बुधला माझ्याकडे राहील. एकेका अटीवर काकाजी हो म्हणत गेले. तेलाच्या अटीवर जरा घुटमळले, पण तिथेही अखेर हो झालं. मसाला वाटायचा हक्क तेवढा त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला.

शनिवारी संध्याकाळी ते प्रत्येक खोलीच्या दारात गेले. "उद्या मटन नाई. बेसन हाय. ज्याले याचं त्यानं यावं, न येनाऱ्यावर राग नाई." माझ्या दारात आले तेव्हा जरा थांबले आणि म्हणाले की मटण खाणाऱ्यालाच खोली असं मी जन्मभर सांगत आलो, आता माझ्याच नियमानं मला हे घर खाली करावं लागेल. हसत म्हणाले, पण ते नीट हसत नव्हते. न येणाऱ्यावर राग नाही हे ते सगळ्यांना सांगत होते, आणि कुणीच नाही आलं तर काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रविवारी त्यांनी नेहमीइतकीच ताटं मांडली. मी मुद्दाम जरा लवकर गेलो. तेवढ्यात कंपाउंडरसाहेब आले. दर रविवारी बाजारातून पिशवी घेऊन यायची सवय, आज हात मोकळे, त्या हातांचं काय करावं ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी सगळ्यांचे पेले पाण्यानं भरले. मास्तर आले. एसटीत कंडक्टर असलेला आमचा शेजारी ड्यूटी बदलून आला. एकही ताट रिकामं राहिलं नाही. काकाजींनी रस्सा वाढला आणि डाव हातात धरून तसेच उभे राहिले. सगळे नुसते जेवत होते. मग कंपाउंडरसाहेबांनी मान वर न करता ताट पुढे केलं आणि म्हणाले, "काकाजी, और डालो." काकाजींचे खांदे खाली आले. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांनी मोठ्यानं खाकरून घसा साफ केला आणि मास्तरांना दरडावलं की भाकरी अशी पापडासारखी मोडू नका.

तेव्हाच आतून काकू आल्या. हातात भाकरीची टोपली होतीच, पण दुसऱ्या हातात त्यांचं स्वतःचं वाढलेलं ताट होतं. उंबऱ्याशी त्या थांबल्या नाहीत. सरळ अंगणात उतरल्या, पंगतीवरून नजर फिरवली आणि माझ्या शेजारी थोडी जागा होती तिथे मांडी घालून बसल्या.

काकाजी डाव धरून बघतच राहिले. "तू इथं बसून राहिली?"

"काहून? आता तं मटन नाई ना." असं म्हणून त्यांनी आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली. "घे रे बाबू. एवढी मले नाई सरत."

मी ती भाकरी खाल्ली. त्या बाई पंगतीला बसत नाहीत ते माझ्यामुळे, असा अर्थ मी इतकी वर्षं मनात लावून ठेवला होता. तसा अर्थ लावायला जगानं मला भरपूर कारणं दिली होती. काकूंनी एकही दिलं नव्हतं. मला त्या क्षणी फार हलकं वाटलं आणि खूप आनंद झाला.

पुढच्या रविवारी माझी बायको स्वतःचं ताट घेऊन आली. काकू बसतात तर मी खोलीत का बसू, म्हणाली. तिच्या मागोमाग मास्तरांची बायको आली. महिन्याभरात कंडक्टरची सासू आली, कंपाउंडरसाहेबांच्या घरची मंडळी अचलपूरहून आली की थेट पंगतीलाच येऊ लागली. समोरच्या घरचे माळकरी म्हातारे गृहस्थ, जे रविवारी आमच्या गल्लीतून नाकाला उपरणं लावून जायचे, ते एकदा चौकशीला म्हणून आले आणि जेवूनच गेले. डॉक्टरही रक्तदाब पाहायला रविवारीच, तेही बाराच्या सुमारास यायला लागले. रक्तदाब उतरला होता. बनियन पुन्हा अंगावर बसायला लागलं होतं. पंगत अंगणात मावेना म्हणून ती ओसरीवर गेली आणि एकीच्या दोन झाल्या. पातोडीला कंटाळा आला की वांग्याची भाजी आणि रोडगे व्हायचे. गोवऱ्यांवर भाजलेले ते कणकेचे जाड गोळे फोडून तूप घालताना काकाजी पुन्हा कुणाला बोलू देत नसत. तूप किती घालायचं ते मात्र काकू बघायच्या.

तक्रार करायची सोय त्यांनी सोडली नव्हती. बेसनाची पिशवी उचलताना दर शनिवारी मला ऐकावं लागे की मटण होतं तेव्हा दहा माणसं यायची आणि परवडत नव्हतं, आता बेसन आहे, परवडतं, तर अख्खी गल्ली येऊन बसते, म्हणजे खर्च होता तिथेच आला. गृहिणींनी आपापल्या घरून डाळ-तेल आणायला सुरुवात केली तेव्हा मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. पण बायकांना ते टुरिंग टॉकीजचं बोलले नाहीत. तेवढी छाती त्यांची नव्हती.

मी मटण सोडलं नाही. आजही खातो, कमी खातो. काकाजींनीही पुरतं सोडलं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, वऱ्हाडात घरोघरी मटण शिजतं. त्या एका दिवसाची परवानगी त्यांनी डॉक्टरांकडून भांडून मिळवली होती आणि त्या दिवशी जुनी डेगची गोठ्यातून बाहेर निघायची. पुढे माझी बदली अकोल्याला झाली. निघायच्या आधीच्या रविवारी दुसरी पंगत उठल्यावर आम्ही दोघेच ओसरीवर बसलो होतो. अंगणात काकू बायकांच्या घोळक्यात बसून सावकाश जेवत होत्या आणि मिठावरून कुणाला तरी काहीतरी समजावत होत्या. मी सहज विचारलं, काकाजी, रविवारी मटणाची आठवण येत नाही?

"येते ना. काहून नाई येनार?" ते म्हणाले. मग त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "पन आता रविवारी घरी जेवल्यासारखं वाटते."